दाबा, धरा, सोडा

"दाबा."
दाबलं.
"धरा."
धरलंय.
"मी म्हणेपर्यंत सोडू नका, बाबा."
गाडीखालून ऋजुताचा आवाज येतो,
आडात उतरलेल्या माणसाचा यावा तसा.

आलीमध्ये, कुंभारांच्या भट्ट्यांमागे, आमचं भाड्याचं घर.
पत्र्याच्या शेडखाली शहाऐंशीची कोरोला
चार घोड्यांवर. आत सीट एकच उरलीय,
बाकीचं तिनं वजनासाठी उपसून काढलं:
गालिचे, दरवाजांचे पुठ्ठे, हीटर
(बहारीनच्या गाडीत हीटर होता, हेच नवल).
डिसेंबरात साखीरला हौशी लोकांची शर्यत.
आज ऑगस्टची नऊ, रात्रीचे साडेदहा,
हवा इतकी ओली की पाना मासोळीसारखा सटकतो.
मी अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात पगारपत्रकं बघतो.
इथं माझं काम डावा पाय.

दुखणं असं:
इंजिन बंद असलं की पाचही गिअर लोण्यासारखे पडतात.
चालू केलं की रिव्हर्स किंचाळतो.
पहिल्यात घातली तर क्लच तळाला टेकवूनही
मागची चाकं हवेत फिरतच राहतात,
'येतो हं' म्हणून चपला घालून
दारात तासभर बोलत उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखी.

सलमाबादच्या गॅरेजातला बिजू म्हणाला, हवा आहे आत, हवा काढा.
काढली. बुडबुडे संपले, बाटल्या संपल्या,
तेल सांडून दोन ठिकाणी रंग उडाला.
मास्टर सिलिंडर नवा. खालचा सिलिंडर नवा.
कुणी म्हणालं, प्लेट उलटी बसवली असेल पोरीनं.
ते 'पोरीनं' तिनं ऐकलं.
दोन सुट्ट्या घालवून गिअरबॉक्स उतरवला, छातीवर घेऊन.
प्लेट सुलटीच होती.
त्या रात्री ती जेवली नाही.
पाने मात्र पुसून, मापानं लावून झोपली.

काल वृंदा सलमानियाची दुपारपाळी संपवून आली,
पायात नर्सचे पांढरे बूट तसेच.
म्हणाली, उठा, तुमचा गुडघा स्वयंपाकघरापर्यंत वाजतोय.
बसली. मी मोकळा. काय करावं सुचेना,
म्हणून मोबाइलचा उजेड धरून बॉनेटशी उभा राहिलो.

"दाब, आई."
तिनं दाबलं
आणि पत्रा हलला.

इंजिनमागची ती आडवी भिंत,
सिलिंडर जिच्यावर बोल्टनं कसलाय,
बोटभर नाही, नखभर पुढे आली.
सोडल्यावर मागे गेली,
झोपलेल्या माणसाच्या पोटासारखी.
पुन्हा दाब. पुन्हा.
तीन आठवडे माझ्या पायातलं बळ
क्लचपर्यंत पोचलंच नव्हतं,
वाटेतला पत्रा खाऊन टाकत होता.
कोपऱ्यातला सांधा उसवलेला,
वर कुणी लांबी भरून निळा रंग मारलेला.
आत बसून मला कधी दिसलं असतं?

ऋजुता घसरत बाहेर आली, कपाळभर ग्रीस.
बराच वेळ नुसती बघत राहिली,
मग एक शिवी हासडली.
जन्म इथला, पण शिवी अस्सल मिरजेची.
वृंदा म्हणाली, बूट काढते आणि चहा टाकते.

आज इशाच्या नमाजानंतर
भिंतीपलीकडचा कुंभार अबू जाफर
भट्टीच्या दारांसाठी ठेवलेलं वेल्डिंगचं मशीन घेऊन आला.
पत्रा दाबून बघितला. बोलला काही नाही.
एक हात आत, एक हात बाहेर धरून दाखवला,
मडकं थापताना धरतात तसा.
तीन मिलिमीटरची पट्टी बाहेरून लावली.
ठिणग्या उडाल्या तेव्हा तिघंही नको तिकडे बघत होतो.

चालू केलं. दाबलं.
चाकं थांबली.
रिव्हर्स पडला, टक्,
दाराची कडी पडावी तसा.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.
भट्टीवरचं कुत्रं भुंकून गप्प झालं.
ऋजुता वाकली, बोटानं फरशी पुसली, वास घेतला.
"गिअरबॉक्सचं ऑइल. सील गेलंय.
बाबा, उद्या साडेसातला?"

मी कुठं निघालोय?
डावा पाय अजून तळाला आहे.
'सोडा' म्हणायचं ती विसरलीय.