फळीवरचे जोडे

फंडीच्या उपसागरात समुद्र दिवसातून दोनदा घर सोडून जातो.
मागे उरतो तांबडा गाळ,
धक्क्याशी कुशीवर कलंडलेल्या होड्या,
आणि तळ,
उघडाबोडका, कुणी पांघरूण ओढून घेतल्यासारखा.

तो बघायला लोक येतात.
मी त्यांना गमबूट भाड्यानं देते, चार डॉलर जोडी.
बापाचं जाळी ठेवायचं खोपट होतं हे.
आता भिंतभर फळ्या, फळ्यांवर जगभरचे जोडे:
टाचांचे, जाळीदार, एकदा तर जरीचे.
पावती मी देत नाही.
जोडे फळीवर, म्हणजे माणूस खाली.
जोडे गेले, म्हणजे माणूस वर आला.
एवढाच हिशोब, आणि तो आईकडून आलेला.
तिनं शेगडीपाशी बापाच्या सपाता ठेवलेल्या असत.
त्या रिकाम्या असेतो ती बसत नसे.
एका नोव्हेंबरात
ती बरेच दिवस बसली नाही.

खाली आन्सेल्म लोकांना फिरवतो.
खडकांच्या कमरेला शेवाळाचे पट्टे दाखवतो,
म्हणतो, संध्याकाळी पाणी इथवर, माझ्या डोक्यावर दोन मजले.
लोक हसतात. वर बघतात. मग हसत नाहीत.
पोरं विचारतात, एवढं पाणी जातं कुठं?
तो म्हणतो, समोरच्यांना उसनं दिलंय,
सहा तासांनी परत आणतात, व्याजासकट.

ऑगस्टमधली गोष्ट. धुकं होतं.
भोंगा वाजला, सगळे वर आले,
चिखलाचे पाय आपटत, फोटो दाखवत एकमेकांना,
आणि फळीवर एक जोडी राहिली.
तपकिरी. नऊ नंबर. नाड्या नीट आत खोचलेल्या.

आमच्याकडे पाणी लाट होऊन येत नाही.
ते गाळाच्या भेगांतून येतं, पाठीमागून येतं,
तुम्ही समोर बघत असता.
आन्सेल्म दोर घेऊन उतरला.
मी कठड्यावरून ओरडत राहिले.
नाव ठाऊक नाही, तर काय ओरडणार?
"तपकिरी बूटवाले! अहो, तपकिरी बूटवाले!"
धुक्यानं तेवढंच परत पाठवलं.

पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं तेव्हा
वरून झेलीनं हाक मारली:
गाड्या मोजल्या का कुणी?
आवारात एकही गाडी नव्हती.
गेला होता तो. माझे गमबूट घालून,
गाडी चालवत, आरामात.

आन्सेल्म पायरीवर बसून पोट धरून हसला.
मलाही हसायचं होतं.
पण मी भरती पूर्ण होईपर्यंत खोपटातच थांबले,
दिवा लावून, उभी.

मार्चमध्ये पाकीट आलं, सस्काचेवानहून.
लिहिलं होतं: एडमंडस्टनच्या पेट्रोलपंपावर पायांकडे लक्ष गेलं.
परत फिरायची लाज वाटली.
इथून कुठलाही समुद्र चार दिवसांवर, बाई.
बूट गोठ्यात वापरतो, वासरांना पाणी पाजताना.
चिखल वाळून स्वयंपाकघरात पडला,
तो बायकोनं बरणीत भरून ठेवलाय,
पाहुण्यांना दाखवते. सोबत चेक.
दोनशे तीन दिवसांचं भाडं, रोजचे चार.
माझे जोडे कुणाला बसले तर देऊन टाका.
सही: ओरेस्ट हावरिलुक.

चेक मी वटवला नाही. जोडे दिले नाहीत.
नऊ नंबरवाले येतात, मी म्हणते, ते विकायचे नाहीत.

रोज संध्याकाळी फळ्या रिकाम्या होतात, ती एक जोडी सोडून.
माझ्या हिशोबानं एक माणूस अजून खालीच आहे,
बारा मीटर पाण्याखाली,
आणि तो गव्हाच्या मुलखात वासरांशी बोलतोय.
आमच्या घरात असं पहिल्यांदाच झालंय.

मी खुर्ची ओढते. बसते.
उद्याची ओहोटी अकरा चाळीसला,
तिसऱ्या फळीवरच्या बुटांना ठिगळ लावायचंय.