धर्मकाटा

भरलेली गाडी वजा रिकामी गाडी, उरेल ते धान.
चार वर्षं हेच लिहिते आहे मी
लाखांदूर रोडवरच्या राईस मिलच्या काचेच्या खोलीत.
तीन बाजूंना काच, चौथ्या बाजूला कॅलेंडर,
कॅलेंडरच्या पाठीवर
माझे या आठवड्याचे ऐंशी शब्द.

पहिल्याच पानावर होतं, 'हो' म्हणायचं तर 'हाय' म्हणा.
पुस्तक मिटून हसले होते.

पावतीची तिसरी प्रत कुणी नेत नाही.
गुलाबी, पातळ, मागून कोरी.
तिच्यावर रेघा ओढते, आधी आडवी, मग उभी.
क्रम चुकला की अक्षर बरोबर दिसूनही चूक.
आई म्हणाली, त्यात काय,
रोवना बी मागं मागंच सरकत करतेत,
पुढं गेलीस का आपलेच परे तुडवशीन.

शेताचं अक्षर कुणी शिकवावं लागलं नाही:
चौकोन, आत एक अधिक.
चार बांध्या, धुऱ्यासकट.
पाणी सोडायचं तेवढं बाकी.

पुस्तक इंग्रजीतून. त्यात तांदूळ एकच,
शेतात उभा असो, पोत्यात असो, ताटात असो.
आणि खाली अर्धं पान टीप,
जपानी माणसांना याला तीन शब्द का लागतात.
धान, तांदूळ, भात.
टीप न वाचता पान उलटलं.

मोजण्यापाशी मात्र अडले.
चपट्या वस्तूच्या आकड्याला एक शेपूट, लांबट वस्तूच्या दुसरं,
मांजराला वेगळं, पाखराला वेगळं,
आणि सशाला पाखराचं!
डोकं धरून बसले होते, तेव्हा डोमाजी हमाल
बिडी विझवत म्हणाला,
"कापलं का कडपा, बांधलं का भारा,
रचलं का पुंजना, मळलं का खंडी.
धान तं तेच हाय न, बाई."
वाक्याच्या टोकाला तो 'न'
सहज ठेवून निघून गेला,
ज्याच्यावर माझं पुस्तक सहा पानं खर्च करतं.
सशाचं विचारायचं राहिलं.

ऑगस्टमध्ये ब्रह्मपुरीला जाऊन फॉर्म भरला.
'भाषा कुठे शिकलात' खाली
शाळा, कॉलेज, क्लास, कंपनी.
सेंटरवरचा मुलगा म्हणाला, "'इतर' करू का?"
फी दोनदा मोजली त्यानं, माझ्याकडे एकदा पाहिलं.

आता नोव्हेंबर. परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, पुण्याला,
आणि सारा हंगाम त्याच रविवारावर चालून येतोय,
ट्रक, ट्रॅक्टर, मेटाडोर, रात्री अकरा-अकरापर्यंत.
शेठ म्हणाले, रविवार दिला, शनिवार देत नाही.
शनिवारशिवाय पुण्याचा रविवार येत नाही
हे मी तीनदा सांगितलं, मराठीत.
नम्रतेची वेगळी क्रियापदं पाठ आहेत माझी,
ती इथे कामाची नव्हती.
शेवटी डोमाजीची सून बसेल काट्यावर, बारावी सायन्स.
तिला पावती शिकवायला दोन दुपारी लागल्या.

ऐकण्याचा पेपर अवघड.
कानात एक बाई विचारते,
आता हा माणूस सगळ्यांत आधी काय करणार?
बाहेर हलर, पॉलिशर, कोंड्याचा पंखा.
माणूस बहुतेक बँकेत जाणार. किंवा छत्री आणणार.
क्रियापद शेवटी, म्हणून तोवर थांबायचं.
ती सवय आहे मला,
आपल्याकडेही माणसाचं
शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय कळत नाही
तो आला की गेला.

काल शेवटची गाडी गेली असं वाटल्यावर
लिहिलेल्या पावत्यांचा गठ्ठा सुतळीनं बांधला,
काट्याच्या मधोमध ठेवला, आत येऊन पाहिलं.
शून्य.
दहा किलोच्या खालचं हा काटा धरतच नाही.
उचलायला गेले तर काचेआड
लाल आकडा पन्नास झालेला.

तेवढ्यात वळणावर ट्रॅक्टरचे दिवे.
ट्रॉलीवरून कुणी ओरडलं,
"काटा चालू हाय का?"

गठ्ठा छातीशी धरून
मी ओरडले,
"हाय!"