रकाना

मंगळवारी आठला टॅमझिन
जोरीला माझ्या दारात सोडते.
मागे गाडीत तिची थोरली, मेरिन,
सात वर्षांची, शाळेची पायरी न चढलेली,
मांडीवर कॉर्नवॉलचा नकाशा.

सरकार जोरीला आठवड्याचे पंधरा तास देतं.
मी ते वहीत मांडते:
पाऊण तास गोगलगायी,
अर्धा तास डाव्या बुटाशी भांडण.
उरलेला वेळ तो खिडकीत बसतो.
ओहोटीला पेनरिनच्या खाडीत
होड्या कशा एका कुशीवर कलंडतात
ते बघतो.
याला रकाना नाही. मी 'खेळ' लिहिते.

आज फॉर्म आला.
सप्टेंबरपासून मूल कोणत्या शाळेत?
टॅमझिनने पेन उचललं, ठेवलं,
पुन्हा उचलून लिहिलं: घरी.
"चालेल ना हे?"

चालेल.
पण जुलैत त्याला पाच पूर्ण होतात,
मग तास बंद,
शाळेत जावो न जावो.
मला वाटलं, तिला ठाऊक असेल.

दाराला टेकून ती बोटं मोजत राहिली,
हॉटेलातल्या खोल्या, बुधवार, शुक्रवार.
चहा विचारायला हवा होता मी.
मी मोज्याची जोडी शोधत राहिले.

आतून जोरी ओरडला, "समुद्र गेला!"
मेरिन गाडीतून उतरली,
बूट न काढताच आत,
नकाशासकट, त्याच्या शेजारी.

तिचं नाव माझ्या वहीत नाही.
केळं एकच उरलं होतं.
मी ते उभं चिरलं.