दुसरी खुर्ची

पहाटेची बस फेरीबोटीवर चढली
आणि आम्ही दोघे डेकवर येऊन उभे राहिलो,
तावेत आणि मी,
चाळिशीचे, एकाच नाकाचे.
आईनं बांधून दिलेला काळा पाव, धुरी दिलेला मासा
आणि डॉक्टरीणबाईंना द्यायची एक चिठ्ठी:
‘सातव्या महिन्यात मी सामुदायिक शेतीच्या गोठ्यात घसरले होते.
त्यानं काही झालं असेल का?’
तावेतनं ती वाचली,
घडी घालून खिशात ठेवली.

बेटावर दोन पक्ष आहेत.
दुकानातली हेल्वी म्हणते, खाण तशी माती,
रक्तातच असतं, मेंढ्यांतसुद्धा असतं.
चर्चचा घंटावाला म्हणतो, संगत तसा गुण,
तालिनला शिकायला धाडला, तिथं लागलं.
बोलून झालं की दोघंही बघतात आईकडेच.
पोट तिचं, वळणही तिनंच लावलेलं.
कुठूनही निघा, वाट तिच्याच दारात येते.

आणि तालिनला तर आम्ही दोघेही होतो.
एक खोली, एक स्टोव्ह,
आळीपाळीनं घालायचा एकच बरा कोट.

तार्तूच्या त्या इमारतीत स्पिरिटचा वास.
बाई तरुण, हसऱ्या, थकलेल्या.
‘‘उकू कोण, तावेत कोण?’’
तावेतनं माझ्याकडे पाहिलं,
शाळेत गणिताच्या पेपरला पाहायचा तसं.
‘‘मी उकू,’’ तो म्हणाला.

हे चूक होतं, मला माहीत आहे.
कुणाच्या तरी तक्त्यात आम्ही आजही उलटे बसलोय.

दहा मिनिटांत तो बाहेर आला.
उंची, वजन, सिगारेट, झोप.
मी दीड तास आत.
वडील कडक होते का? आईशी फार जवळीक होती?
(तेच वडील, बाई. तीच आई.)
लहानपणी कुणी काही केलं का?
बदलावंसं वाटलं?
मी त्याच्या वतीनं हो-नाही करत गेलो
आणि ‘पहिल्यांदा कधी कळलं’ यावर अडखळलो.

कारण ते मला ठाऊक होतं.
पंधरावं वर्ष, गवतकापणीचा शेवटचा दिवस.
जुनिपरच्या झुडपांमागून आम्ही खाडीकडे बघत होतो.
मला ती दिसली, पिवळा रुमाल, गुडघाभर पाण्यात.
सांगायला वळलो,
तर तावेत बघत होता तिच्या भावाला,
वल्ही धूत होता तो.
अगदी माझ्याच चेहऱ्यानं बघत होता,
तोंड तसंच, किंचित उघडं.
तोवर मला माहीतच नव्हतं
की माझा चेहरा तेव्हा असा होतो.

‘‘कुणी शिकवलं का?’’ बाईंनी पुन्हा विचारलं.
कुणी नाही, म्हणालो.
कुणाचं उत्तर देत होतो, कोण जाणे.
मला तर आजवर कुणी विचारलंच नव्हतं,
तुला पिवळा रुमालच का.

परतीच्या बोटीवर वारा,
दोघांच्याही दंडावर कापसाचे बोळे.
‘‘मला काही विचारलंच नाही रे,’’ तावेत म्हणाला,
‘‘इतकं कंटाळवाणं असतं तुझं असणं?’’
आणि हसला, हसता हसता डोळे पुसले,
वारा फार आहे म्हणाला.

आई फाटकात उभी होती.
‘‘चिठ्ठी दिलीस?’’
‘‘दिली.’’
‘‘मग? काय म्हणाल्या?’’
खिशात हात घालून तो जरा थांबला.
‘‘म्हणाल्या, गोठे निसरडेच असतात.’’