अकरा ते एक

दिंडोरीहून सकाळची एसटी, सीबीएसला उतरून पायी.
महिन्यातला पहिला शनिवार.
कोर्टाच्या खेळखोलीत
चाक नसलेला ट्रक, भिंतीवर उडालेला ससा,
आणि घड्याळ, ते मात्र चालू.

वहीत सही करतो. 'नाते' या रकान्यात
'वडील' लिहिताना
ल दरवेळी ओळीखाली घसरतो.

परवा एकोणीस पूर्ण झाली.
पॅकहाउसला द्राक्षांच्या पेट्या चिकटवतो,
साडेचारशे हजेरी. त्यातले दोन हजार
पाच तारखेच्या आत तिच्या आईच्या खात्यावर.
पावत्या आयटीआयच्या फायलीत आहेत,
अर्धवट राहिलेल्या ड्रॉइंगखाली.
अजून कुणी मागितल्या नाहीत,
तरी आणतो.

जुई येते आजीच्या कडेवरून.
आजी मला 'ए' म्हणते, वकील 'सामनेवाला'.
मी रुमालाची गाठ सोडतो:
माल गोड, फक्त मणी बारीक,
म्हणून बोटीवर न चढलेला.
नखानं साल काढतो, चार तुकडे करतो,
घशात अडकू नये.

ती चावते. विचार करते.
"दादा, आनकी."

आजी खिडकीबाहेर बघू लागते.
मी काही दुरुस्त करत नाही.
पुढचा मणी घेतो, साल जरा सावकाश काढतो.
एक वाजायला
अजून वीस मिनिटं आहेत.