पाच तिरक्या रेघा

हर्णैच्या शाखेत नोटा ओल्या येतात.
लिलाव आटोपला की दुसऱ्या सकाळी काउंटरवर
बर्फाच्या पाण्यानं फुगलेल्या गड्ड्या,
मध्येच मांदेलीएवढी दुमडलेली एखादी दहाची.
मी त्या पंख्याखाली पसरतो,
वर पेपरवेट, स्टेपलर, माझं घड्याळ.
नवा शिपाई नाक मुरडतो.
आठवडाभरात त्याचंही नाक गप्प बसेल.

बायजाबाई चोगले नोटेवरचं वाचत नाही.
रथवाली म्हणते, विहीरवाली म्हणते.
किल्लेवाली म्हणजे तिच्या मते समोरचा सुवर्णदुर्ग,
मी दुरुस्त करणं सोडलंय.
आणि स्तूपाला म्हणते टोपली.
"पालथी घातलेली, साहेब. मासळी सपली की घालतो तशी."
सांची कुठं आहे ते मी सांगू लागलो.
"तितं दर्या हाय?"
नाही म्हटल्यावर विषय संपला.

लिलाव दिवेलागणीला. बोटं ओली, उजेड कमी.
तेव्हा ती नोट ओळखते काठावरून:
पाचशेला दोन्ही कडांवर
उठावाच्या पाच तिरक्या रेघा, शंभराला चार.
आंधळ्यांसाठी असतात त्या, मी म्हणालो,
परिपत्रकात दिलंय तसं.
ती हसली. रविवारी पाजपंढरीला घरी नेऊन
दाराआडची भिंत दाखवली.
कोळशाच्या रेघा, तिरक्या,
पाच-पाचच्या जुडग्यांनी,
वरच्या सासूच्या हातच्या, खालच्या तिच्या.
कोणाकडं किती टोपल्या, कोणाचं किती येणं.
"सरकारनं आमचंच बगून घेतलं," म्हणाली.
मला नाही म्हणता आलं नाही.

नोटेवर वचन असतं. धारकाला
इतके इतके रुपये अदा करण्याचं, खाली सही.
भिंतीवर सही नव्हती.
याकूब सारंग गेला तेव्हा त्याच्या सतरा रेघा होत्या.
मुलगा रत्नागिरीहून आला,
पैसे मोजून दिले,
आणि ओल्या फडक्यानं एकेक पुसत गेला.
शेवटची राहू दिली.
खातं चालू असू दे, म्हणाला.

परवा तिनं प्लास्टिकच्या पिशवीतून काढली
सासऱ्याच्या पेटीतली दहाची, जुनी,
पाठीवर शिडाचं गलबत असलेली.
"बदलून मिळंल?"
मिळेल. दहाचे दहा.
पण मीच ती उलटसुलट करत बसलो.
कधीतरी, कुठल्यातरी खोलीत, खुर्च्यांवर बसून
चार जणांनी ठरवलं असणार
की या देशाचा अर्थ एक गलबत असा होतो.
व्यापार, मी म्हणालो. किंवा आशा. असं काहीतरी.
बायजाबाईनं नोट डोळ्यांशी धरली, मग लांब.
"शीड बरं भरलंय. पन जाळं खय?
मासळीला चाललंय, का मानसं नेतंय?
आनि बंदर कंचं?"
बंदर नव्हतं.
नुसतं पाणी, आणि पाण्याला रेघा.

तिनं ती परत पिशवीत सरकवली.
"दहाला गलबत कोन देतंय आता," म्हणाली,
आणि दोन हजारांच्या सुट्ट्या रथवाल्या मागितल्या.

संध्याकाळी मोजणीयंत्रातून
एक पाचशेची सारखी बाहेर पडत राहिली.
खरी होती. तिरकी केली की
धागा हिरव्याचा निळा होत होता,
उजेडात धरली की चेहरा उमटत होता,
काठांवर पाच आणि पाच.
फक्त किल्ल्याच्या बुरुजाला
तांबोशीचा एक खवला चिकटून वाळला होता.
त्याचाही रंग तिरका केला की बदलत होता.
परिपत्रकात हे चिन्ह नाही.
मी नख लावलं.
मग यंत्राचं बटण बंद केलं
आणि उरलेलं हातानं मोजलं.