पाणी सोडणे

चिनो गावात जानेवारीतही शेतं रिकामी नसतात.
भाताच्या खुंटांवर पेंढा, पेंढ्यावर ओळीनं
कांतेनच्या चौकोनी कांड्या, उणे बारा अंशांत
रात्रभर गोठत पडलेल्या.
दिवसा ऊन येतं. त्या ठिबकतात.
पुन्हा रात्र, पुन्हा ऊन.
पंधरवड्यानं हातात उरतं ते कागदाच्या वजनाचं:
पाणी गेलं, जाळी राहिली.

उशियामा ताकेओंनी चव्वेचाळीस हिवाळे हेच केलं.
समुद्रशेवाळ उकळायचं, थिजवायचं, कापायचं,
आणि त्याला पाणी सोडायला शिकवायचं.

त्यांची मुलगी चिझुरु उलटं काम करते.

सुवा तळ्याच्या काठी, तिसऱ्या मजल्यावर
काचेची पेटी, आत आर्गॉन,
पेटीतून बाहेर फुगून आलेले दोन काळे रबरी हात.
रोज सकाळी त्यांत हात घालताना तिला वाटतं,
कुणा अनोळखी, जाड माणसाचा कोट चढवतेय.
आत दवाचा कणही चालत नाही.
लिथियम पाण्याला पाण्यात पाहतो.

ती पॉलिमर विरघळवते, काचेवर ओतते,
पात्यानं ओढून सारखा करते.
सुकला की पांढरा पडदा निघतो,
अंड्याच्या कवचाआतल्या पापुद्र्यासारखा,
भिंगाखाली नुसती भोकंच भोकं.
मग क्षाराचं द्रावण, थेंबाथेंबानं.
पडदा पितो, फुगतो, काचेसारखा होतो.
तिरपा धरला तर ओघळत नाही,
चिमटीत उचलला तर (बहुतेकदा) फाटत नाही.

हे मराठीत लिहितोय म्हणून सांगायला हवं:
आमच्याकडे जेल दोन,
आणि एकात माणसं कोंडतात.
चिझुरुला हे सांगितलं. ती हसली नाही.
म्हणाली, इथं द्रव कोंडलेला असतो,
म्हणून तर आयन सुटा फिरतो.
द्रावकाचे चार रेणू भोवती घेऊन निघतो,
वाटेत एखादा गळतो, दुसरा येऊन मिळतो,
कडेनं पॉलिमरच्या साखळ्या डुलत असतात.
साखळ्या आवळल्या की वाट अडते,
सैल सोडल्या की पडदा लोळागोळा,
आणि पलीकडून धातूच्या सुया वाढत येतात.
"मला पगार मिळतो तो
या दोन चुकांच्या मधल्या जागेचा."

सत्तेचाळिसावा नमुना बरा निघाला.
पाकीटबंद घट, तळहाताएवढा, एक दिवा जोडलेला.
थंडीत काय करतो ते बघायला
प्रयोगशाळेतलं शीतकपाट होतं.
पण त्या शुक्रवारी ती तो घेऊन घरी गेली
आणि वडिलांच्या पेंढ्यावर, कांड्यांच्या रांगेत,
एका कांडीच्या जागी ठेवला.

रात्री दोघं दोनदा उठले.
ते कांड्या बघायला, ती दिवा.
यंदा थंडीचा भरवसा नव्हता. गेल्या आठवड्यात
दोन रात्री शून्याच्या वरच राहिल्या,
तीनशे कांड्या आंबल्या, त्या वासावर
म्हातारा अजून बोलत नव्हता.
त्या रात्री मात्र उणे तेरा.
पहाटे चार वाजता शेतभर कांड्या
दगडासारख्या खणखणत होत्या
आणि मधोमध एक बारीक पिवळा उजेड,
थोडा मंद, पण होता.

ताकेओ वाकले. हातमोजा काढून
पाकीट अंगठ्यानं दाबून पाहिलं,
जसं आयुष्यभर दाबून पाहिलं होतं.
"गोठलं नाही?"
"नाही."
"पाणी सोडत नाही?"
"नाही, बाबा."
त्यांनी ते तिच्या हातात दिलं.
"मग माझ्या कामाचं नाही,"
म्हणाले, आणि त्याच उजेडात
पुढची रांग मोजू लागले.